‘वाढ नाही’

पहिल्या कल्चर रिपोर्टवर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहतात त्या तपासणीच्या कागदावर, ‘नो ग्रोथ’ लिहिलं होतं. वाढ नाही. तो कागद मी दोनदा वाचला आणि जीव भांड्यात पडला. लघवीत जंतू नाहीत म्हणजे जे होतं ते गेलं, असा सरळ अर्थ मी लावला. त्यानंतर चौथ्या रात्री दात वाजेपर्यंत हुडहुडी भरली. दोन पांघरुणं घेऊनही अंग थरथरत होतं आणि उजवीकडे, बरगड्यांच्या खाली पाठीत अशी कळ होती की कूस बदलता येईना. ताप १०३ च्या वर. पहाटे मला इस्पितळात नेलं तेव्हा तो ‘वाढ नाही’चा कागद मी आठवणीने फायलीत घातला होता. लघवीचा संसर्ग नाही, दुसरं काहीतरी शोधा, हे सांगायला.

ड्युटीवरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

“हा नमुना देण्याआधी काही घेतलं होतं का तुम्ही?”

घेतलं होतं. आणि आधीच्या डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा मी ‘नाही’ म्हणाले होते.

झालं होतं असं. दहाएक दिवसांपूर्वी मला उन्हाळे लागले. थेंब थेंब लघवी, प्रत्येक थेंबाला आग, आणि पाच मिनिटांत पुन्हा जावंसं वाटणं. ज्या बाईला हे एकदा झालंय तिला अधिक सांगावं लागत नाही. मलाही वर्षभरापूर्वी झालं होतं. तेव्हा नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकच्या दहा कॅप्सूल मिळाल्या होत्या, रोज दोन, पाच दिवस. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मी थांबले. उरलेल्या चार कपाटाच्या खणात ठेवल्या, अडीअडचणीला असाव्यात म्हणून. या वेळी त्याच काढल्या. दोन दिवसांत चारही संपल्या, आग थोडी कमी झाली, पण पुरती जाईना. मग डॉक्टरांकडे गेले. औषध घेतलंय का, या प्रश्नावर चार जुन्या कॅप्सूल मला ‘औषध’ वाटल्याच नाहीत. त्याच दिवशी लघवीचा नमुना दिला.

तो नमुना त्या क्षणी निरुपयोगी झालेला होता, हे मला इस्पितळातल्या खाटेवर कळलं. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत फार मोठ्या प्रमाणात उतरतं. माझ्या लघवीतले जीवाणू त्या औषधात बुडालेले होते. प्रयोगशाळेत ते वाढले नाहीत यात नवल नव्हतं. पण हे औषध मूत्रपिंडाच्या ऊतींमध्ये उपयोगी पडेल इतकं साठत नाही. जीवाणू मूत्राशयातून वर चढले होते. तिथे त्यांना अडवणारं कुणी नव्हतं आणि माझ्या हातात मात्र सगळं ठीक असल्याचा कागद होता.

इस्पितळातली पहिली गोष्ट मला अजून आठवते. नाडी १२० च्या आसपास, रक्तदाब उतरलेला. मला वाटलं आता लगेच इंजेक्शन देतील. सिस्टर आल्या त्या चार बाटल्या घेऊन.

“ताई, आधी रक्त. दोन्ही हातांतून घ्यायचंय. मग लगेच अँटिबायोटिक सुरू करतो.”

मी कळवळून म्हणाले, “आधी औषध द्या ना, सिस्टर.”

“पाच मिनिटं. हे आत्ता राहिलं तर पुन्हा मिळायचं नाही.”

दोन्ही हातांतून का, तर त्वचेवरही जीवाणू असतातच. एकाच ठिकाणच्या बाटलीत काही वाढलं तर ते रक्तातलं की सुईबरोबर आलेलं हे ठरवणं अवघड जातं. दोन्हीकडे एकच जीवाणू आला तर शंका उरत नाही. लघवीचा नमुनाही पुन्हा घेतला, या वेळी नीट समजावून: स्वच्छ करून, सुरुवातीची धार सोडून, मधली धार बाटलीत. पहिल्या वेळी मला हेही कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मग सेफ्ट्रियाक्सोनचं पहिलं इंजेक्शन गेलं.

हे इंजेक्शन म्हणजे अंदाज होता. डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं. नक्की कोणता जीवाणू आणि तो कशाने मरतो हे कळायला दोन ते तीन दिवस लागतात. तेवढा वेळ मूत्रपिंडाच्या संसर्गात हातावर हात ठेवून बसता येत नाही. म्हणून सर्वांत जास्त शक्यता काय आहे ते धरून औषध सुरू करायचं आणि रिपोर्टची वाट पाहायची. हा अंदाज नेमका करण्यासाठी त्यांनी मला जे विचारलं त्याने मी खजील झाले. गेल्या वर्षभरात कोणकोणती अँटिबायोटिक घेतली?

मी आठवत गेले. सर्दी-खोकल्याला तीन दिवस अझिथ्रोमायसिन. प्रवासात पोट बिघडलं तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन, दोन दिवस. घसा धरला तेव्हा सेफिक्झिम, किती दिवस ते आठवेना. आणि या कॅप्सूल, दोनदा. पाच वेळा. एका वर्षात, एका बऱ्यापैकी निरोगी बाईने. त्यातली सर्दी तर विषाणूची, तिथे अँटिबायोटिकचा उपयोगच नव्हता. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त लिहून घेतलं. पण लिहिताना त्यांचा हात सेफिक्झिमपाशी थांबला होता. सेफ्ट्रियाक्सोन त्याच कुळातलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही ताप १०२ वर होता. मळमळ, पाठीतली कळ, थंडी वाजणं, सगळं तसंच. रक्ताच्या बाटल्या ज्या यंत्रात ठेवतात ते जीवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड ओळखतं आणि इशारा देतं. माझ्या बाटल्यांचा इशारा आला होता. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राम-निगेटिव्ह गटातले, दांडीच्या आकाराचे जीवाणू दिसले होते. लघवीत एका मिलिलिटरला एक लाखाहून जास्त. म्हणजे जंतू मूत्रपिंडातून रक्तात उतरले होते. पण कोणतं औषध चालेल ते अजून कळायचं होतं.

ती रात्र वाट पाहण्यात गेली. रिपोर्ट लवकर द्यायला काय होतं, असा राग मला येत होता. नंतर कळलं की त्या रात्री प्रयोगशाळेत कुणी दिरंगाई करत नव्हतं. जीवाणू वाढायला लागतो तेवढाच वेळ लागत होता. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. एकापासून दहा तासांत शंभर कोटींच्या वर. एवढा झपाटा असूनही आधी तो वाढवायचा, वेगळा करायचा, मग औषधांसमोर ठेवून पुन्हा रात्रभर वाढू द्यायचा, असे टप्पे ओलांडावेच लागतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. ‘एस’ म्हणजे चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. ॲम्पिसिलिन आर. सेफिक्झिम आर. सेफ्ट्रियाक्सोन आर. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. कोट्रायमॉक्साझोल आर. खाली शेरा: ईएसबीएल तयार करणारा ई. कोलाय. ईएसबीएल म्हणजे सेफ्ट्रियाक्सोनसारखी औषधं तोडून टाकणारं विकर, एन्झाइम. दोन दिवस माझ्या शिरेत जे सोडत होते त्याला तो जीवाणू दाद देत नव्हता. मेरोपेनेमसमोर एस होतं. आणि, हे पाहून मी चमकले, नायट्रोफ्युरँटॉइनसमोरही एस होतं. ज्या कॅप्सूल मी तीन दिवसांनी सोडल्या आणि वर्षभराने चुकीच्या तऱ्हेने घेतल्या, त्यांना हा जीवाणू अजूनही दबत होता. फक्त आता तो जिथे होता तिथे त्या पोहोचत नव्हत्या. यादीतलं एस हे अक्षर एकटं पुरत नाही, संसर्ग कुठे आहे हेही पाहावं लागतं, हे मी त्या दिवशी शिकले.

तासाभरात मेरोपेनेम सुरू झालं, दर आठ तासांनी. दुसऱ्या दिवशी रात्री पहिल्यांदा घाम येऊन ताप उतरला. मी रडले. अशक्तपणाने असेल, पण रडले.

बरं वाटू लागल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, कोर्स अर्धवट सोडला म्हणूनच हे झालं ना? मला हो म्हणून ऐकायचं होतं. एक चूक, एक कारण, म्हणजे मन मोकळं झालं असतं. ते म्हणाले, इतकं सोपं नाही. तुम्ही कोर्स पूर्ण केला असता तरी आतड्यातल्या जीवाणूंवर त्याचा परिणाम झालाच असता. प्रत्येक अँटिबायोटिक आजाराच्या जंतूवर जातं तसंच पोटातल्या अब्जावधी निरुपद्रवी जीवाणूंवरही जातं. औषधाला बळी पडणारे मरतात, न पडणारे उरतात, आणि त्यांना मोकळी जागा मिळते. सर्दीसाठी घेतलेली गोळी सर्दीचं काहीच करत नाही, पण हे काम मात्र चोख करते. त्यातून असा प्रतिकाराचा गुण पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतो आणि एक जीवाणू तो शेजारच्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही, देऊ शकतो. माझ्या लघवीच्या मार्गात आलेला ई. कोलाय बहुधा माझ्याच आतड्यातला होता. वर्षभर मीच त्याला निवडत आले होते.

चौथ्या दिवशी मी हट्टाने विचारलं, मला तो जीवाणू पाहता येईल का? प्रयोगशाळेत आत जाता येत नाही, पण तिथल्या मायक्रोबायोलॉजिस्ट बाई भल्या होत्या. त्यांनी काचेच्या पलीकडून, झाकण न उघडता, मला दोन बशा दाखवल्या. एकीवर गुलाबी ठिपक्यांच्या रांगा. इतके नीटस, गोल ठिपके की ते घातक असतील असं वाटू नये. दुसरीवर जीवाणूंची सलग सायीसारखी परत पसरलेली आणि तिच्यावर कागदाच्या छोट्या गोल चकत्या ठेवलेल्या. प्रत्येक चकतीत एक औषध. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं, कारण तिथे जीवाणू वाढत नाहीत. मेरोपेनेमभोवती मोठं, मोकळं वर्तुळ होतं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीच्या अगदी कडेपर्यंत साय आली होती.

“आता ही बघा,” म्हणून त्यांनी बशी फिरवली. सेफ्टाझिडीमच्या चकतीभोवती जवळपास काहीच वर्तुळ नव्हतं. पण तिच्या शेजारी क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेली चकती होती आणि दोघींच्या मधल्या बाजूला साय एकाएकी विरळ होऊन आत ओढल्यासारखी झाली होती. जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखा आकार. हा जीवाणू एक विकर बनवतो, त्या म्हणाल्या, जे सेफ्टाझिडीमसारख्या औषधांचा मुख्य सांधाच तोडून टाकतं. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्या विकराला अडकवून ठेवतं. म्हणून जिथे दोन्ही औषधं एकमेकांत मिसळतात तेवढ्याच पट्ट्यात सेफ्टाझिडीम जिवंत राहतं आणि जीवाणू मरतो. मी त्या भोकाकडे बराच वेळ पाहत राहिले. तीन रात्री मी ज्याच्याशी झगडत होते त्याची युक्ती तिथे उघडी पडलेली होती, बोटाच्या पेराएवढ्या जागेत.

अशी विकरं नवी नाहीत. पेनिसिलिन तोडणारं विकर एब्रहॅम आणि चेन या शास्त्रज्ञांनी १९४० मध्येच नोंदवलं, पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याच्याही आधी. आणि १९४५ मध्ये नोबेल पुरस्काराच्या व्याख्यानात पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता की अपुऱ्या मात्रेने जंतूंना पेनिसिलिनची सवय लावणं अवघड नाही. मी हे खाटेवर पडून वाचलं तेव्हा हसू नाही आलं, संताप आला. स्वतःचाही, आणि इतकी वर्षं हे माहीत असूनही चालू राहिलेल्या साऱ्या व्यवहाराचाही.

त्याच दिवसांत आणखी काही आकडे वाचले. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे झाले आणि सुमारे ४९.५ लाख मृत्यूंमध्ये अशा जीवाणूंचा हात होता. जागतिक आरोग्य संघटना २०१७ पासून अँटिबायोटिक्सची तीन गटांत विभागणी करते: नेहमीच्या संसर्गांसाठी सुचवलेली, जपून वापरायची, आणि अखेरच्या उपायासाठी राखून ठेवायची. माझी वर्षभराची यादी मी ताडून पाहिली. अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम, तिन्ही जपून वापरायच्या गटातली. एकटं नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात. मेरोपेनेमही जपून वापरायच्याच गटात आहे. त्याच्यापलीकडे माझ्यासाठी काय उरलं असतं, तर कॉलिस्टिनसारखी राखीव औषधं, ज्यातल्या कॉलिस्टिनने मूत्रपिंडालाच इजा होऊ शकते. आणि त्यालाही प्रतिकार करणारं, एका जीवाणूतून दुसऱ्यात जाणारं जनुक २०१५ मध्ये नोंदवलं गेलंय. माझ्या आणि त्या टोकाच्या मध्ये फार पायऱ्या नव्हत्या.

मेरोपेनेमच्या तीन दिवसांनंतर मला घरी सोडलं. पुढचे चार दिवस रोज एकदा जाऊन एर्टापेनेमचं अर्ध्या तासाचं सलाईन घ्यायचं. तोंडाने घेण्याजोगं, मूत्रपिंडापर्यंत पोहोचणारं काही उरलं नव्हतं म्हणून सुई. एकूण सात दिवस, आणि ते मोजायचे योग्य औषध सुरू झाल्यापासून, सेफ्ट्रियाक्सोनचे दिवस धरायचे नाहीत. मला हे कमी वाटलं. इतकं गंभीर होतं तर चौदा दिवस नकोत का? डॉक्टरांनी सांगितलं की रक्तातल्या संसर्गावर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांत, सात दिवसांचे उपचार चौदा दिवसांच्या तोडीचे ठरले. काही जीवाणू आणि काही अवघड संसर्ग त्यात धरलेले नव्हते, पण माझा आजार त्यात बसत होता. जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित ही माझी समजूत तिथे तुटली. सांगितलेल्यापेक्षा आधी थांबायचं नाही हे मी आता पाळणारच होते. सांगितलेल्याच्या पुढे एक दिवसही रेटायचं नाही, हे नवीन होतं.

कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, सांभाळणं, हात भिजू न देणं, शीर सुजली की दुसरीकडे टोचून घेणं, यावर अधिक काही सांगण्यासारखं नाही. घरात हात धुण्याची शिस्त लागली ती मात्र सांगते. असा जीवाणू आतड्यात महिनोन्‌महिने मुक्काम करू शकतो, कसलाही त्रास न देता, आणि हातांवाटे घरातल्यांपर्यंत जातो. संडासानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात, यापलीकडे काही करायला सांगितलं नव्हतं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती हात धुताना वीसपर्यंत मोठ्याने आकडे मोजायची आणि मला तो आवाज ऐकून धीर यायचा.

उपचार संपल्यावर मी डॉक्टरांपुढे बसून म्हणाले, आता एकदा पुन्हा कल्चर करू, म्हणजे खात्री होईल. त्यांनी नकार दिला. मला धक्काच बसला.

“जळजळ आहे? ताप? पाठ दुखते?”

“नाही.”

“मग नको. समजा त्यात काही उगवलं, तर तुम्हालाही राहवणार नाही आणि कदाचित मलाही. लक्षणं नसताना लघवीत जीवाणू सापडले तर सहसा त्यावर औषध द्यायचं नसतं. गरोदरपणात किंवा मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांआधी ते वेगळं. आपण कागदावर उपचार करत नाही, ताई.”

त्यांनी एक गोष्ट मात्र बजावली. हा रिपोर्ट जपून ठेवायचा आणि पुढे कुठेही, कशासाठीही उपचार घेतले, तर सर्वांत आधी दाखवायचा. मी त्याचा फोटो मोबाइलमध्ये वेगळा ठेवलाय. घरातले उरलेसुरले सगळे अँटिबायोटिक मी बाहेर काढले. सात निरनिराळ्या पट्ट्या निघाल्या, कुणाच्या दोन गोळ्या, कुणाची एकच. त्या कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये टाकायच्या नाहीत, कारण पाण्यात आणि मातीत गेल्या की तिथल्या जीवाणूंवरही त्या तेच काम करतात. नष्ट करण्यासाठी परत घेणाऱ्यांकडे त्या देऊन आले.

आठ महिन्यांनी पुन्हा उन्हाळे लागले. मध्यरात्री. तीच आग, आणि त्या आगीत माणूस काय वाट्टेल ते गिळायला तयार होतो हे मी पुन्हा अनुभवलं. खण रिकामा होता. सकाळ होईपर्यंत पाणी पीत बसले. सकाळी आधी नमुना दिला, मधली धार, काहीही न घेता. मग डॉक्टरांना जुना रिपोर्ट दाखवला. ताप नव्हता, पाठीत कळ नव्हती, संसर्ग मूत्राशयापुरताच होता. त्यांनी जुन्या यादीवर बोट ठेवून नायट्रोफ्युरँटॉइन लिहून दिलं. दिवसातून दोनदा, पाच दिवस.

तिसऱ्या दिवशी आग गेली. त्याच दिवशी रिपोर्टही आला: ई. कोलाय, एक लाखाहून जास्त, पुन्हा तेच आर, आर, आर. नायट्रोफ्युरँटॉइनसमोर एस. पट्टीत चार कॅप्सूल उरल्या होत्या. त्या चौथ्या आणि पाचव्या दिवशी घेतल्या.